नंदीचा आरसा

आमच्या गावच्या महादेवासमोरचा नंदी अपुरा आहे. त्याचा डावा कान म्हणजे नुसता गोळा आहे, मागचा एक पाय दगडातून बाहेरच आलेला नाही आणि पाठीवरची झूल निम्म्यावर येऊन थांबली आहे. डोळे मात्र पुरे आहेत. परवा जीर्णोद्धाराची मंडळी माझ्याकडे आली होती. हा नंदी काढून जयपूरहून संगमरवरी आणायचा म्हणतात. गावातलं सगळ्यात जुनं माणूस मी, म्हणून विचारायला आले होते, म्हणजे खरं तर सांगायलाच. त्यातल्या एका पोरानं विचारलं, “आज्जी, मूर्तिकाराला स्वप्नात दृष्टांत झाला आणि त्यानं काम अर्धवट सोडलं, असं म्हणतात. खरं का?” मी म्हटलं, तू आधी चहा घे. दृष्टांत कसला आलाय! जे झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे, पण एका चहात सांगून संपण्यासारखं ते नाही. म्हणून इथे लिहिते.

मी तेव्हा चौथीच्या वर्गात होते. शाळा सरकारी, म्हणजे निजाम सरकारची, आणि ती चावडीमागच्या ओसरीवर भरायची. मुलं पुष्कळ, मुली मोजक्या, आणि त्या मोजक्यांत मी सगळ्यात तोंडाळ. सकाळी बादशहाच्या सलामतीची दुआ म्हणायची, मग पाढे, मग उर्दू. उर्दू आणि नक्षा, म्हणजे चित्रकला, शिकवायला हमीद मास्तर होते. अंगानं काटकुळे, शेरवानी उन्हानं विटलेली, वरच्या खिशात कायम पेन्सिलीचा तुकडा. बायकामुलं हैदराबादला, आणि हे मशिदीच्या अंगणातल्या एका खोलीत एकटेच राहायचे. पालीला इतके घाबरायचे की भिंतीवर पाल दिसली की वर्ग अंगणात न्यायचे आणि आम्हाला सांगायचे, “आज हवा अच्छी है.” मुलं मुद्दाम पाल दाखवायची. मीही दाखवायची.

शुक्रवारी जुम्म्याची सुट्टी, त्यामुळे गुरुवारी दुपारी कुणाचंच अभ्यासात लक्ष नसायचं. त्या दुपारी मास्तर आम्हाला पाट्या घेऊन गावाबाहेरच्या माळावर न्यायचे. तिथे चिंचेखाली नंदी घडत होता. तो नंदी आमच्या आप्पांनी बोललेला होता. माझ्या जन्माच्या वेळी माय मरता मरता वाचली, तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, महादेवाला नंदी कबूल केला होता. आम्ही लिंगायत वाणी, घरात सगळी शिवाची उपासना, त्यामुळे हा नवस साधा नव्हता. दगड मिळायला, घडवणारा मिळायला माझं निम्मं बालपण गेलं. मग बिदरकडून मल्लप्पा पाथरवट आणि त्याची बायको गंगव्वा आले आणि चिंचेखाली कापडी पाल ठोकून राहिले.

माळाच्या अलीकडे असतानाच टाक्यांचा, म्हणजे छिन्न्यांचा, आवाज यायला लागायचा. मल्लप्पाचा हात जड, त्याचा ठोका सावकाश पडायचा. गंगव्वाचा हलका आणि भरभर. ती गळ्यातल्या घंटा, साखळ्या, झुलीची फुलं करायची. तोंड आणि अंग मल्लप्पाकडे. मधूनच ती टाकी भात्यावर लाल करायची, ठोकून धार काढायची आणि पाण्यात बुडवायची, तेव्हा जो चर्र आवाज व्हायचा त्यासाठी आम्ही मुलं वाट बघत बसायचो. मल्लप्पा मोठा तिरसट माणूस होता. आम्हाला पाहिलं की म्हणायचा, “आली टोळधाड.” दगडाच्या कपच्या उडतात म्हणून मागं सरा असं ओरडायचा, आणि कुणी नाहीच सरकलं तर मातीचं ढेकूळ फेकायचा. मास्तर त्याच्यासाठी तंबाखूची पुडी न्यायचे. ती पुढे केली की तो जरा निवायचा.

मास्तर आम्हाला काही फार समजावून सांगायचे नाहीत. नंदीसमोर बसवायचे आणि म्हणायचे, “देखो.” आम्ही लगेच पाटीवर खडू टेकवला की ओरडायचे, “नक्को! पहले देखना. आँख नहीं झपकाना. लिखने की कायकू जल्दी?” मग आम्ही डोळे ताणून बघत बसायचो आणि डोळ्यांतून पाणी आलं की एकमेकींना कोपरखळ्या मारायचो. मला ते तेव्हा वेडेपण वाटायचं. पण आजही मला त्या नंदीच्या गळ्यातल्या घंटा डोळे मिटून मोजता येतात.

गुरुवारी माय मला धपाटी बांधून द्यायची. ज्वारीच्या पिठात कांद्याची पात, तीळ, लसूण घालून थापलेली, करडईच्या तेलावर भाजलेली, आणि सोबत दाण्याची चटणी. मास्तरांसाठी वेगळी पुडी असायची, पळसाच्या पानात. पानात अशासाठी की भांडं परत घ्यायचा प्रश्न यायला नको. हे मी तेव्हा पाहत होते, मास्तरही पाहत असणार. ते पुडी दोन्ही हातांनी घ्यायचे आणि “अम्माँ को सलाम बोलना” म्हणायचे. मी घरी येऊन सांगितलं की मायला बरं वाटायचं, तरी पुढच्या गुरुवारी पुन्हा पळसाचंच पान. माझ्या मायबद्दल मला वाईट लिहायचं नाही, पण जे होतं ते होतं.

एका गुरुवारी मी मल्लप्पाला विचारलं, “नंदीला डोळे का न्हाईत?” तोंड झालं होतं, नाकपुड्या झाल्या होत्या, डोळ्यांच्या जागी मात्र नुसते गुळगुळीत उंचवटे होते.

“डोळं शेवटाला,” तो म्हणाला. “डोळं उघडस्तोवर ह्यो दगूड. उघडलं की देव. मग त्येला टाकी लावायची न्हाई. कान ऱ्हायला तरी न्हाई, पाय ऱ्हायला तरी न्हाई.”

“अन् उघडल्यावर?”

गंगव्वानं हातातलं काम ठेवलं. तिला गोष्टी सांगायला आवडायचं. ती म्हणाली, “उघडल्यावर पयली नदर लय जड असती बाई. म्हून म्होरं आरसा धरायचा. त्यानं सोताला बगायचं, मग जगाला. त्यो आरसा परत घरात न्यायचा न्हाई, गंगेत सोडायचा. आन् मग मूरत झाकून ठिवायची. थापना हुईस्तोवर आत कुणी जायाचं न्हाई.”

“अन् आरशाच्या जागी माणूस असला तर?”

“तर त्येचं काय खरं न्हाई,” मल्लप्पा म्हणाला. “साल बी निघत न्हाई त्येचं, वरसाच्या आत जातंय.”

आमची गोदावरी तिकडे सगळ्यांची गंगाच. मल्लप्पाच्या बोलण्यावर मुलं हसली. मी हसले नाही, कारण गंगव्वानं पुढे सांगितलं की आरसा नवस बोलणाऱ्याच्या घरातला लागतो आणि तो त्या घरच्या कुवार पोरीनं आणायचा असतो. म्हणजे मीच. घरी येऊन मी ही बातमी दिली तेव्हा माय तव्यावरची भाकरी तशीच सोडून बाहेर आली. आमच्या घरात आरसा एकच, हैदराबादहून आणलेला, शिसवी चौकटीचा, आणि तिच्या माहेरचा. रोज सकाळी त्याच्यासमोर उभी राहून ती कुंकू लावायची. ती म्हणाली, “सगळं घर दिलं तरी नंदीला माझाच आरसा पायजे का?” आप्पा अंघोळ करून हातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसत होते, ते गालातल्या गालात हसले. त्यानंतर कितीतरी दिवस आरशासमोरून जाताना माय त्याच्याकडे, पाहुणा जायला निघाल्यावर बघावं तसं बघायची.

मग दिवस बिघडत गेले. ते एका दिवसात बिघडले नाहीत, म्हणून नक्की कधी ते सांगता येत नाही. आधी बाजारात माणसं हळू बोलायला लागली. मग गंगाखेडहून लॉरी यायला लागली, तिच्यात खाकी कपड्यातले रझाकार. पलीकडच्या गावी माझ्या काकांचं, आप्पांच्या धाकट्या भावाचं, कापडाचं दुकान होतं. ते एका दुपारी लुटून पेटवून दिलं आणि काकांना भर पेठेत मारलं. बसवंतकाका आमच्याकडे आले ते डोक्याला फडकं बांधून, अनवाणी. घरात येसराची आमटी शिजत होती, माय वाढायला लागली, काका ताटासमोर बसले आणि घास तोंडापर्यंत नेऊन परत ठेवत राहिले. माझे काका गोष्टीवेल्हाळ, मला खांद्यावर बसवून जत्रेत नेणारे. त्या दिवसानंतर ते बोलायचे ते एकाच विषयावर.

ती लॉरी एकदा शाळेपाशीही थांबली. त्यातल्या पुढाऱ्यानं हमीद मास्तरांना बाहेर बोलावलं. आम्ही ओसरीवरून ऐकत होतो. “बुतों के सामने मदरसा चलाते हो?” मूर्तीपुढे शाळा भरवता म्हणून तो दरडावत होता. मास्तर काहीतरी पुटपुटले. आमच्या गुरुवारच्या फेऱ्या त्या दिवशी संपल्या. पुढच्याच आठवड्यात मास्तरांच्या हातात लाकडी बंदूक दिली आणि त्यांनी चावडीसमोर मुसलमान मोहल्ल्यातल्या पोरांची कवायत घ्यायची असा हुकूम झाला. त्यांनी ती घेतली. बंदूक खांद्यावर कशी ठेवायची ते त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही, छत्री धरावी तशी धरायचे. पण घेतली. आमच्या दारातून काका ते बघत होते. मास्तर जवळून गेले तेव्हा मी मुद्दाम सलाम केला. त्यांनी मान फिरवली. मला त्यांचा इतका राग आला की घरी जाऊन मी पाटीवरचा नंदी थुंकी लावून पुसून टाकला. आता वाटतं, त्या माणसानं करायचं तरी काय होतं? पण हे आता वाटतं.

माळावर टाक्यांचा आवाज चालू होता. पाऊस सुरू झाला तसा मल्लप्पानं नंदीभोवती बांबूचे तट्टे उभे केले, वर तुराट्यांचं छप्पर घातलं आणि त्याच्या आत काम करायला लागला. एक-दोनदा मी लांबून पाहिलं. हमीद मास्तर एकटेच तट्ट्याच्या दाराशी उकिडवे बसलेले असायचे, शेजारी तंबाखूची पुडी.

मग भाद्रपदात हिंदुस्थानचं लष्कर आलं. म्हणजे आमच्या गावात नाही आलं, हैदराबादकडे गेलं. आमच्याकडे आधी आकाशातून विमानाचा आवाज आला आणि मग बातमी आली की निजामानं हात टेकले. पेठेत गूळ वाटला. रझाकारांची लॉरी कुठे गेली कुणास ठाऊक, पण मोहल्ल्यातली माणसं, जी कुठेच जाऊ शकत नव्हती, ती घरातच होती. लष्कर पोचेपर्यंतच्या त्या थोड्या दिवसांत आमच्या गावात आणि आजूबाजूला जे झालं ते सगळं मी लिहिणार नाही. मला ते सगळं माहीतही नाही. मला माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, जायची बंदी होती, तरी मोहल्ल्याकडचा धूर अंगणातून दिसायचा आणि बायकांचा आवाज यायचा. काका सकाळी काठी घेऊन बाहेर पडायचे. आप्पा त्यांना म्हणाले, “बसवंता, तुझं दुकान जाळणारे ह्यातले न्हवते.” काका म्हणाले, “कवायत कोन घेत हुतं? मी बघितलंय माज्या डोळ्यांनं.” आप्पांनी त्यांच्या हाताला धरलं. काकांनी हात सोडवून घेतला आणि गेले.

त्या दुपारी आप्पा जेवले नाहीत, ओट्यावर नुसते बसून होते. एवढ्यात गंगव्वा मागच्या दारानं आली. पाय चिखलानं भरलेले, धाप लागलेली. आत आली आणि मोठ्यानं, शेजारीपाजारी ऐकू जाईल असं आप्पांना म्हणाली, “अण्णा, आरसा द्या. डोळं उघडायचं हायत.”

आप्पा चकित झाले. “अजून कान न्हाई, पाय न्हाई. आत्ताच कशाला?”

मग तिनं आवाज उतरवला. “मास्तर आलाय आमच्याकडं. तट्ट्यात बसलाय. त्येच्या खोलीचं दार फोडायलेत, न्हाई सापडला तर माळावर येतील. मी आमच्या ह्यास्नी म्हनलं, डोळं उघडल्यात म्हून सांगा, म्हंजी कुनी आत शिरायचं न्हाई. तर म्हंत्यात, मी ह्या दगडाम्होरं खोटं बोलनार न्हाई. खोटं बोलनार न्हाई, उघडतोच म्हंत्यात.”

मला आप्पांचा चेहरा अजून दिसतो. इतक्या वर्षांचा नवस, आणि नंदी कायमचा लंगडा राहणार होता. बाहेर काठी घेऊन फिरणारा त्यांचा सख्खा भाऊ होता. आप्पा हळवे होते, शूर नव्हते. गावात कुणाचं भांडण लागलं तर दुकानाची फळी लावून घेणारा माणूस. ते काहीच बोलेनात. तेव्हा माय उठली, भिंतीवरचा आरसा खुंटीवरून काढला, पदरानं पुसला आणि ताटात ठेवला. ती मला म्हणाली, “गिरजे, जरीचं परकर-पोलकं घाल.”

मग आप्पांना बोलणं सुचलं. “मागच्या दारानं नगं,” ते म्हणाले. “पेठेतनं जाऊ दे. रीतीनं. समद्यांना दिसू दे.”

असं मी त्या दिवशी सणाचे कपडे घालून, ताटात आरसा, हळदकुंकू आणि मधाची वाटी घेऊन, आरशावर मायचं धुवट लुगडं झाकून पेठेतून निघाले. गंगव्वा माझ्यापुढे चालत होती. सगळी दुकानं बंद. मशिदीपाशी गर्दी होती. मास्तरांच्या खोलीचं दार रस्त्यात पडलं होतं आणि त्यांचे नक्षाचे कागद चिखलात पसरले होते. त्यातल्या एकावर नंदीच्या घंटा होत्या, मी ओळखल्या. मला हुंदका आला आणि गंगव्वानं मागे न बघता म्हटलं, “रडू नगं. सन हाय.”

काकांनी मला पाहिलं. ते गर्दीतून पुढे आले. “गिरजे, कुठं चाललीस?”

“नंदीचे डोळे उघडायलेत,” मी म्हटलं.

“आज?”

“मुहूर्त हाय,” गंगव्वा म्हणाली. गर्दीतल्या दोघातिघांनी ताटाला हात लावून कपाळाला लावला. वाट मोकळी झाली. ज्यांच्या हातात कुऱ्हाडी होत्या त्यांनी त्या मागे घेतल्या, म्हणजे ताटाला लागू नयेत म्हणून. मी म्हातारी झाले तरी ती गोष्ट मला नीट कळलेली नाही.

तट्ट्याच्या आत अंधुक उजेड होता आणि ओल्या दगडाचा वास. नंदीच्या अंगाभोवती एक माणूस कसाबसा फिरेल एवढीच जागा. मास्तर नंदीच्या तोंडासमोर, कपच्यांच्या ढिगावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. त्यांच्या अंगावर नुसता सदरा होता. मल्लप्पा बारीक टाकी घेऊन नंदीच्या मानेपाशी उभा होता. “मास्तर, बाजूला सरा,” तो म्हणाला. “तितं आरसा धरायचाय.” मास्तर हलले नाहीत. त्यांना ऐकू येत होतं की नाही कोण जाणे. दात वाजत होते. मल्लप्पानं त्यांचा खांदा हलवला, गंगव्वानं हात धरून ओढलं, पण ते दगडाच्या खुंटासारखे रुतून बसले होते, आणि तेवढ्यात माळावर माणसांचा गलका ऐकू आला. गर्दी इकडे निघाली होती.

मल्लप्पानं एकदा दाराकडे बघितलं. मग नंदीकडे. मी ताटातून आरसा उचलून छातीशी धरला होता आणि तो कुठून पुढे धरू ते मला कळत नव्हतं, मध्ये मास्तर होते. “ऱ्हाऊ दे पोरी,” तो म्हणाला आणि त्यानं पहिला ठोका मारला. बुबुळाची रेघ तेवढीच राहिली होती. उजवा डोळा झाला, डावा झाला. शेवटच्या ठोक्याआधी तो थांबला आणि एरवी ज्याच्यावर ओरडला असता त्या माणसाला हळू आवाजात म्हणाला, “मास्तर, त्येच्याकडं बगा. आता आरसा तुमीच. डोळं मिटू नगा.” मास्तरांनी मान वर केली. आम्हाला शिकवलं होतं तसं, डोळे ताणून त्यांनी नंदीकडे पाहिलं. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते बघतच होते. मग ठोका पडला आणि टाकी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

गंगव्वानं नंदीच्या डोळ्यांना मध लावला आणि नंदीवर घोंगडी टाकली. त्याच घोंगडीच्या आत मास्तरही झाकले गेले. मल्लप्पा माझा हात धरून बाहेर आला. समोर गर्दी, पुढे काका.

“डोळं उघडल्यात,” मल्लप्पा म्हणाला. “ज्येला आत जायाचं त्येनं जावं. मी आडवत न्हाई.”

कुणी पुढे आलं नाही. काका माझ्याजवळ आले, खाली वाकले. त्यांच्या तोंडाला धुराचा वास येत होता. “गिरजे, आत कोन हाय?”

मी काकांवर जीव टाकायची, आणि त्या क्षणी मला त्यांची भीती वाटत होती. माझ्या तोंडून निघालं, “नंदी हाय.”

काकांनी तट्ट्याकडे बघितलं. मग त्यांनी काठी खाली ठेवली, वहाणा काढल्या, लांबूनच हात जोडले आणि परत फिरले. त्यांच्यामागे बाकीचे फिरले.

लष्कराची तुकडी येईपर्यंत मास्तर आतच होते. ती आल्यावर तिच्या लॉरीतून परभणीच्या स्टेशनावर गेले, तिथून हैदराबादला, असं ऐकलं. मला कुणी निरोप घ्यायला जाऊ दिलं नाही. मल्लप्पा आणि गंगव्वाही आठवड्याभरात गेले. नंदीला परत टाकी लागली नाही. स्थापना झाली तेव्हा गावानं आप्पांना बोल लावला, देवाला लंगडा नंदी दिला म्हणून. आप्पा सगळ्यांना एकच सांगायचे, “मुहूर्त चुकला.” मरेपर्यंत त्यांनी दुसरं काही सांगितलं नाही.

पण आरसा राहिलाच. तो मी गंगेत सोडायचा होता. त्या दिवसांत नदीकडे लेकरांना कुणी जाऊ देत नव्हतं, नदीतून काय काय वाहत येत होतं ते मोठी माणसं आमच्यापासून लपवत होती. मी ताट घेऊन घरी आले. मायनं लुगडं बाजूला केलं, आरशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “ह्यात बघितलं नंदीनं?” मी मान हलवली, नाही म्हणून. “मग?” मी सांगितलं. तिनं आरसा पुसला आणि परत खुंटीला लावला. ज्यानं नजर घेतली नाही तो आरसा नदीत कशाला सोडायचा, असं तिचं सरळ गणित होतं. आपण भिंतीवर काय टांगतो आहोत हे तिच्या ध्यानात आलं नाही.

काकांच्या आलं. मास्तर लॉरीतून गेल्यावर ते एकदा दुपारी घरी आले, वहाणा काढून आत वळले आणि खुंटीवरचा आरसा बघून जागच्या जागी थांबले. रीत त्यांनाही ठाऊक होती. आरसा घरात आहे, म्हणजे नजर दुसऱ्या कुणीतरी घेतली. आप्पा पूजेवरून उठले. मी चुलीपाशी मायला चिकटून उभी. काका ओरडतील, काहीतरी फोडतील असं मला वाटलं. ते ओरडले नाहीत. आरशात बघत अगदी हळू म्हणाले, “मास्तर आमच्या हातनं वाचला म्हना. पन नंदीच्या नदरेतनं? साल निघत न्हाई त्येचं.” आणि हसले. माझ्या काकांना त्याआधी मी पुष्कळदा हसताना पाहिलं होतं, पण ते हसू मला कधी विसरता आलं नाही.

माय भाकरी थापत होती. ती थांबली नाही. म्हणाली, “त्यो नंदी हाय, भावजी. मानूस न्हवं, जीव घ्यायला.”

काकांचं हसू गेलं. ते वहाणा घालून गेले. त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या घरी जेवले नाहीत.

हमीद मास्तरांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. शिकायला म्हणून मी हैदराबादला राहिले तेव्हा शाळाशाळांतून विचारलं. त्या नावाचे मास्तर पुष्कळ होते, पण पालीला घाबरणारा, नक्षा शिकवणारा कुणी सापडला नाही. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं मी. तरी मल्लप्पाचं ते वाक्य आठवलं की अजून हातातलं काम थांबतं, आणि मायचं वाक्य आठवल्यावरच ते पुढे सरकतं. आरसा माझ्याकडे आहे. कडेचा पारा गेला आहे, मधे मात्र तोंड दिसतं.

समितीची मंडळी उद्या परत येणार आहेत. मी त्यांना सांगणार आहे की नंदीला हलवायचं असेल तर आधी त्याच्यासमोर बसा, आणि डोळे मिटायचे नाहीत. ज्याला बसवेल त्यानं मग खुशाल हलवावा.